बाकाची दिशा

ग्राममंडळाच्या बैठकीत तोंड उघडायचं नसतं, ही साधी गोष्ट मुद्देभाऊंना कोणी सांगितली नव्हती. सांगणार तरी कोण? सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार.

तशी बोलायला बंदी वगैरे नव्हती हो. मंडळाची पद्धतच अशी पडली होती की, जो विषय काढेल त्यानंच तो निस्तरायचा. कुठल्याशा जुन्या अध्यक्षांनी ही टूम काढली, सदस्यांनी उठसूट सूचना करू नयेत म्हणून. ते अध्यक्ष गेले, पद्धत राहिली. किराणावाले एकदा सहज म्हणून गेले होते, "भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय वाटतं." बस्स, एवढंच. तेव्हापासून आजतागायत दर आठवड्याला ते स्टुलावर चढून त्या घड्याळाला किल्ली देतात. शिंपीदादांनी खिडकीतून ऊन लागतं अशी कुरकुर केली, तर पडदे त्यांच्याच गळ्यात पडले. शिवायचे त्यांनी, लावायचे त्यांनी आणि धुवायचेही त्यांनीच. दातांचे डॉक्टर निवडून आले त्या वर्षी एवढंच म्हणाले होते की दारात कुत्री फार झोपतात. पुढचं मी सांगत नाही. डॉक्टर रस्त्यात दिसले की गावभरची कुत्री शेपट्या हलवत त्यांच्या मागे लागतात, यावरून काय ते ओळखा. दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" म्हणणारा हा माणूस बैठकीत मात्र दातावर दात दाबून बसायचा.

त्यामुळे मंडळाची बैठक म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. अध्यक्षबाईंचा कोंबड्यांचा व्यवसाय. कोंबड्यांना दाणा घालायच्या आधी बैठक उरकायची, हा त्यांचा नेम. "विषय पहिला, गटारसफाई. हरकत? नाही. मंजूर. विषय दुसरा, दिव्याच्या खांबाला रंग. हरकत? नाही. मंजूर." कोणाला काही पटलं नाही तर तो खोकायचा. फारच पटलं नाही तर दोनदा खोकायचा. सचिव खोकल्याची नोंद घेत नसत. चहा निवायच्या आत सगळे रस्त्यावर.

अशा या मंडळात मुद्देभाऊ गेले. उभा जन्म शहरातल्या एका कचेरीत आवक-जावक विभागात काढलेला माणूस. निवृत्त होऊन गावी आले, तरी कचेरी काही अंगातून गेली नाही. घरातलं मीठ संपलं तरी "मुद्दा असा आहे की," अशीच सुरुवात. म्हणून तर गावानं त्यांचं नाव मुद्देभाऊ ठेवलं. मंडळाची एक जागा रिकामी झाली तेव्हा यांनी अर्ज भरला आणि बिनविरोध निवडून आले. बिनविरोध! हा शब्द उच्चारताना भाऊंची छाती अशी काही भरून यायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

"बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं," काकू म्हणायच्या.

काकू म्हणजे भाऊंच्या पत्नी. सगळा गाव त्यांना काकूच म्हणे. नवऱ्याचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती आणि आता या वयात ती लावून घ्यायची त्यांची तयारीही नव्हती. कोणी विचारलं, "काकू, भाऊ काय करतात हल्ली?" की त्या म्हणायच्या, "आमचे हे? घरीच असतात." सदस्य आहेत म्हणून एकदा सांगायला काय जातं? जीभ झिजते का? भाऊ आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हे ऐकायचे, आणि त्यांचं तोंड कडू व्हायचं.

आता मूळ गोष्ट. काकूंचा गुडघा कुरकुरत होता. एक दिवसाआड त्यांना बसनं शहरातल्या दवाखान्यात व्यायामाला जावं लागे. गावाच्या बसथांब्यावर एक खांब आणि त्यावर एक गंजकी पाटी, एवढाच काय तो थाट. बसायला काही नाही. बस तर आपल्या मर्जीची मालकीण. काकू आधी शिंपीदादांच्या पायरीवर टेकायच्या, पण गिऱ्हाईक आलं की उठावं लागे. मग त्यांनी घरून रंगाचा एक रिकामा डबा न्यायला सुरुवात केली. तो पालथा घालायचा आणि त्यावर बसायचं. बस आली की डबा शिंपीदादांच्या ओट्याखाली सरकवून द्यायचा आणि परतताना घरी न्यायचा.

एक दिवस भाऊ त्यांना सोडायला गेले आणि हे दृश्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ग्राममंडळाच्या सदस्याची पत्नी रंगाच्या डब्यावर! आणि डब्यावर वरच्या बाजूला लिहिलेलं, 'बाहेरील भिंतींसाठी'. भाऊंच्या काळजाला घरं पडली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचे? लोक उभे आहेत. मी बसलेय," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात बैठक होती. भाऊंची पहिलीच. अध्यक्षबाईंनी नेहमीप्रमाणे सगळं उरकलं आणि रीत म्हणून विचारलं, "आयत्या वेळचे विषय? नाहीत. तर मग..."

"मुद्दा असा आहे की," भाऊ उभे राहिले.

खोलीत अशी शांतता पसरली की किराणावाल्यांच्या किल्लीवर चालणारं ते घड्याळ स्पष्ट ऐकू येऊ लागलं. शिंपीदादांनी भाऊंचा कोट मागून ओढला. भाऊंना वाटलं, कापड बघताहेत. डॉक्टरांनी डोळे मोठे केले. भाऊंना वाटलं, प्रभावित झाले. आणि मग त्यांनी बसथांब्यावर बाक असण्याची आवश्यकता, नागरिकांची प्रतिष्ठा, ज्येष्ठांचे गुडघे अशा सगळ्या बाजूंनी जे काही भाषण केलं ते ऐकून सचिवांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. भाषण संपलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान. हरकत? नाही. मंजूर. सदर काम सन्माननीय सदस्यांनी जातीनं पाहावं. सचिव, लिहा. चला, कोंबड्या ओरडत असतील."

भाऊ तरंगत घरी आले. "पहिल्याच बैठकीत ठराव! शिवाय जबाबदारीसुद्धा माझ्यावरच. एवढ्या जुन्या लोकांना डावलून!"

काकू भाजी निवडत होत्या. "डावललं नाही हो. ते वाचले," त्या म्हणाल्या. पण भाऊंनी ते मनावर घेतलं नाही. परसात जाऊन त्यांनी तो रंगाचा डबा उचलला, त्यात माती भरली आणि मोगऱ्याचं एक रोप लावून टाकलं. आता डब्यावर बसायचा प्रश्नच मिटला. माणसाला आत्मविश्वास असावा तर असा.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. बाक लाकडाचं की सिमेंटचं, यावर गावाचं लगेच एकमत झालं, सिमेंटचं. लाकडाचं कोणीतरी घरी नेईल. कोण नेईल याबद्दलही एकमत होतं, पण ते बोलून दाखवायची गोष्ट नव्हती. खरी गोम होती बाकाच्या दिशेची. बाकाचं तोंड कुणीकडे?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं, रस्त्याकडे. तुम्हाला वाटतं तेवढं ते सोपं नाही. रस्त्याच्या पलीकडे शिंपीदादांचं दुकान. दुकानाला दार असं नाहीच, पुढची बाजू सताड उघडी. बाकाचं तोंड रस्त्याकडे केलं की बाकावरची माणसं दिवसभर मापं देणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघत बसणार. "भाऊ, माणूस कमरेचं माप देताना श्वास आत ओढतो. ती फार खासगी वेळ असते," शिंपीदादा कळवळून म्हणाले.

"मग हे बैठकीत का नाही बोललात?"

शिंपीदादांनी पडद्यांकडे, म्हणजे दूरवरच्या मंडळाच्या खिडकीकडे, एक नजर टाकली आणि ते मशीन चालवू लागले.

त्यांच्या शेजारीच किराणावाले. त्यांचं म्हणणं नेमकं उलट. तोंड रस्त्याकडेच हवं, म्हणजे बसलेल्या माणसाला समोरच्या बिस्किटांच्या बरण्या दिसतात, आणि बस उशिरा आली की भूक लागते. "बस उशिराच येते," ते समाधानानं म्हणाले. झालं, दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद. वर दोघांच्या बायका काकूंकडे पाळीपाळीनं येऊन आपापली दिशा पटवून देऊ लागल्या. काकूंचा चहा संपला.

तेवढ्यात भाऊंची दाढ ठणकायला लागली. गेले डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी आ करायला लावलं, गालात कापूस कोंबला, आरसा आत घातला आणि मग दार लोटून घेऊन म्हणाले, "आता बाकाबद्दल माझं मत विचाराल तर..."

भाऊंनी काहीही विचारलं नव्हतं. विचारण्याच्या स्थितीतच नव्हते ते.

"बाक आडवं ठेवा. तोंड माझ्या दवाखान्याच्या पाटीकडे. पाटीवर एवढा मोठा दात काढलाय मी, पण कुणाचं लक्ष म्हणून जात नाही. बसल्या बसल्या माणसाला तो दात दिसला की स्वतःचा आठवतो. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीनं सांगतो. पटतंय ना?"

"आँ आँ!" भाऊंनी जिवाच्या आकांतानं निषेध नोंदवला.

"मला वाटलंच तुम्हाला पटेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

एवढं होईस्तोवर वरच्या कार्यालयातून पत्र आलं. ग्राममंडळानं बाक मागितलं आहे ते फर्निचर आहे की बांधकाम, याचा खुलासा व्हावा. फर्निचर असल्यास ते कार्यालयाच्या खोलीबाहेर ठेवता येणार नाही. बांधकाम असल्यास नकाशा जोडावा. हे पत्र वाचून दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं! त्यांनी जेवणसुद्धा मागे ठेवलं, टेबल पुसून घेतलं आणि उत्तर लिहिलं. 'संदर्भ' लिहून खाली रेघ मारली, 'विषय' लिहून खाली रेघ मारली, आणि बाक हे जमिनीत रुतवलेलं असल्यानं ते बांधकामच कसं ठरतं, हे अशा काही थाटात मांडलं की काकूंना बोलावून दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा काकूंना डुलकी लागली.

नकाशाही त्यांनीच काढला. रस्ता म्हणजे दोन रेघा, बाक म्हणजे चौकोन आणि बाकाची पाठ म्हणजे चौकोनाची एक बाजू जाड. तोंड रस्त्याकडे. शिंपीदादांसाठी तोड अशी की माप घेण्याच्या कोपऱ्याला त्यांनी पडदा लावावा. पडद्याचं नाव काढताच शिंपीदादा बैठकीत दोनदा खोकले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. ते छताकडे बघू लागले. "हरकत? नाही. मंजूर."

आता हा नकाशा गवंड्याच्या हाती दिला आणि घोटाळा झाला. बाक बसवायचा दिवस ठरला तो नेमका काकूंचा दवाखान्याचा. त्या दिवशी त्यांचा गुडघा इतका दुखत होता की एकटीला सोडणं शक्य नव्हतं. भाऊंनी गवंड्याला सकाळीच बजावलं, "जाड रेघ म्हणजे पाठ. लक्षात ठेव, जाड रेघ म्हणजे पाठ." गवंडी हो म्हणाला. गवंडी सगळ्यालाच हो म्हणायचा. नकाशा त्यानं खिशात घातला, खिशाला ओला हात लागला, आणि दुपारी उघडून बघतो तो सगळ्याच रेघा जाड झालेल्या.

गवंडी बिचारा सरळ माणूस. समोर मंडळाचे तीन सदस्य उभे होते, बाक बघायला आलेले. त्यानं विचारलं, "रस्त्याकडे तोंड करू की पाठ?"

आता नीट ऐका. तिघांनाही उत्तर माहीत होतं. तिघांनीही तो ठराव आपल्या कानांनी ऐकला होता. पण बोलायचं कोणी? बोलेल तो अडकेल. पुढं बाकाला तडा गेला, पाय निखळला, कोणी त्यावर नाव कोरलं, तर जन्मभर त्याच्यामागे लागायचं. शिंपीदादा खोकले. किराणावाले खोकले. डॉक्टर खाली वाकून एका कुत्र्याचे कान खाजवू लागले. गवंड्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग आपल्या अकलेनं विचार केला की पाठ रस्त्याकडे केलेली बरी, बसणाऱ्याच्या तोंडावर धूळ यायची नाही. त्यानं बाक तसं रुतवलं, सिमेंट ओतलं, थापीनं गुळगुळीत केलं. तिघे शेवटपर्यंत बघत उभे होते. काम मात्र अगदी सफाईदार झालं, असं नंतर तिघांनीही मान्य केलं.

संध्याकाळी भाऊ आणि काकू बसमधून उतरले. भाऊंनी वाटेत मुद्दाम बाकाचा विषय काढला नव्हता. काकूंना एकदम दाखवायचं, असा बेत. उतरले आणि बघतात तो समोर बाकाची पाठ. बाक रस्त्याकडे पाठ फिरवून पलीकडच्या माळाकडे आणि टेकडीकडे तोंड करून बसलेलं, रुसलेल्या जावयासारखं.

काकूंनी बाकाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, खांबाला धरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसून बाकाला वळसा घालून गेल्या आणि टेकल्या. "टेकडी छान दिसते हो इथून. या, बसा."

भाऊ बसले नाहीत. ते सरळ घरी गेले आणि राजीनामा लिहायला बसले. 'विषय'खाली रेघ मारली, पण पुढं काही सुचलं नाही.

बैठकीत अध्यक्षबाईंनी स्वच्छ सांगितलं, "बाक बांधकामात मोडतं, हे आपणच वर लिहून कळवलंय. फार सुंदर पत्र होतं. आता ते फिरवायचं तर आधी पाडकामाचा प्रस्ताव, मग नवा प्रस्ताव, नवा नकाशा. कोणाला काही बोलायचंय?" आणि सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सचिवांनी उघडलेलं पेन हळूच बंद केलं. भाऊंना त्या क्षणी मंडळाची पद्धत पहिल्यांदा मुळापासून कळली. कळली आणि स्वतःचीच लाज वाटली.

पण अजून एक वळण बाकी होतंच. पायथ्याचं सिमेंट वाळलं, लोक बसू लागले, आणि पहिल्याच सकाळी बस थांब्यावर थांबलीच नाही. भरधाव निघून गेली. लोक उठून ओरडेपर्यंत तिचा धुरळासुद्धा खाली बसला होता. परत फिरताना तिला अडवलं तेव्हा चालक म्हणाला, "माझं काय चुकलं? सगळे माझ्याकडे पाठ करून टेकडी बघत बसलेले. मला वाटलं, हवा खायला बसलेत. हवा खाणाऱ्यांसाठी मी बस थांबवत नसतो."

काकूंचा दवाखाना त्या दिवशी बुडाला. गावानं भाऊंना काय काय ऐकवलं ते सोडा, ते भाऊंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर काकू काही बोलल्या नाहीत. टोमणा नाही, हसू नाही, काही नाही. गुडघ्याला शेकत बसल्या, आणि मग परसाकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या डब्यातलं रोप दुसरीकडे लावता येईल का हो?"

झालं. ते वाक्य भाऊंना जे लागलं ते लागलं. गाव हसला ते चाललं, वरच्या कार्यालयानं छळलं तेही चाललं. पण काकूंनी परत डब्यावर बसायचं?

"त्या रोपाला हात लावायचा नाही," भाऊ गरजले. इतक्या मोठ्यानं ते कचेरीतसुद्धा कधी बोलले नव्हते.

काकूंच्या पुढच्या खेपेला भाऊ सकाळीच उठले, दाढी केली, निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट चढवला आणि थांब्यावर गेले. काकूंना बाकावर बसवलं. इतरांनाही म्हणाले, "बसा, सगळे बसा. बसकडे मी बघतो." आणि स्वतः बाकाच्या मागे, रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले. वळणावर बस दिसली तसा त्यांनी हात वर केला. साधासुधा नव्हे, कोटाची बाही कोपरापर्यंत घसरेल असा. चालकानं निमूट ब्रेक लावला. मग भाऊंनी मागे वळून आवाज दिला, "मुद्दा असा आहे की, बस आली!" लोक सावकाश उठले, पिशव्या उचलल्या, चढले. धावपळ नाही, ढकलाढकली नाही. पूर्वी ही सगळी माणसं रस्त्यावर उभी राहून, माना वाकड्या करकरून बसची वाट बघायची. आता एक माणूस बघायचा आणि बाकीचे टेकडी बघायचे.

आणि काय सांगू, त्या बाकाची चटकच लागली गावाला! धूळ पाठीमागून जाते, डोळ्यांत जात नाही. सकाळचं ऊन पाठीवर, थंडीत तर फारच बरं वाटतं. शिंपीदादांची गिऱ्हाइकं निर्धास्त श्वास आत ओढू लागली. किराणावाले आधी खट्टू झाले, मग त्यांच्या लक्षात आलं की स्वस्थ बसलेला माणूस जास्त खातो. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं अशी म्हातारी माणसंही येऊन बसू लागली. शेजारच्या गावचे दोन सदस्य तर मुद्दाम बाक बघायला आले, सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं, आणि जाताना एकमेकांना म्हणाले, "आपल्या डोक्यात कसं नाही आलं?" भाऊंनी खाकरून सांगितलं, "विचारपूर्वक केलंय." यात खोटं काही नव्हतं. गवंड्यानं विचार केलाच होता.

पण रोज रोज उभं राहायचं म्हणजे भाऊंचं वय काही कमी नव्हतं. काकूंचा दवाखाना नसलेल्या दिवशीही ते जात. लोकांनी बस चुकवायची म्हणजे काय, सदस्य जिवंत असताना? पाय सुजले तरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. राजीनाम्याचा तो कागद मात्र टेबलावर तसाच होता, नुसत्या विषयाखालच्या रेघेसह. पुढच्या बैठकीला त्यांनी तो खिशात टाकून नेला.

"आयत्या वेळचे विषय? नाहीत. तर मग..." अध्यक्षबाई पदर खोचून उठल्यासुद्धा.

शिंपीदादा खोकले. परत खोकले. आणि मग, मंडळाच्या इतिहासात जे घडायचं नाही ते घडलं. ते चक्क बोलले. "गवंड्यानं विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. मला ठाऊक होतं. बोललो नाही." त्यांनी खिडकीवरच्या आपल्या पडद्यांकडे पाहिलं. "भाऊ एकटे उभे राहतात ते दुकानातून रोज दिसतं मला. सुई ओवता येत नाही. सोमवारी मी उभा राहीन."

किराणावाल्यांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं. "मंगळवार माझा. दुकान बायको बघेल."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी सगळ्या मंडळासमोर, कोणी आ करा न म्हणता, तोंड उघडलं. "गुरुवारी दवाखाना उशिरा उघडतो मी. पण कुत्री बरोबर येतील, आधीच सांगतो."

अध्यक्षबाई परत खुर्चीत बसल्या. कितीतरी वर्षं विचारूनही कोणी तोंड उघडलं नव्हतं, आणि आज न मागता मिळत होतं. "उरलेल्या दिवसांचं मी बघते. कोंबड्या थोड्या थांबतील," त्या म्हणाल्या. मग भाऊंकडे वळून, "भाऊ, तुम्ही आता विश्रांती घ्या."

"मुद्दा असा आहे की," भाऊ उठले. त्यांनी खिशातला कागद चाचपला. सगळे थांबले. सचिवांनी यावेळी पेन उघडंच ठेवलं होतं. "मुद्दा असा आहे की, आमच्या घरच्यांच्या दवाखान्याचे दिवस माझे. ते मी कोणाला देणार नाही." आणि खिशातल्या कागदाचा त्यांनी मुठीतच चोळामोळा केला. त्या संध्याकाळी कोंबड्यांना दाणा फार उशिरा मिळाला, कारण त्यानंतर दिव्याचा खांब, शाळेची भिंत, विहिरीचा कठडा असे विषय निघत गेले आणि ज्यानं त्यानं आपापलं गळ्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कोट घालून थांब्यावर उभे होते. बाकावर काकू, त्यांच्या शेजारी बाहेरगावची कोणी पाहुणी बाई. टेकडीवर कोवळं ऊन पडलं होतं. पाहुणीनं मान वळवून मागे पाहिलं आणि काकूंना विचारलं, "ते कोटवाले गृहस्थ कोण हो? आपण सगळे बसलोय आणि ते एकटेच का उभे?"

भाऊंनी कान टवकारले. 'आमचे हे, घरीच असतात,' हे ऐकायची तयारी त्यांनी मनाशी करून ठेवली.

काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या टेकडीकडेच बघत होत्या.

"ते होय? ते मंडळाचे सदस्य आहेत," काकू म्हणाल्या, आणि जरा थांबून पुढं म्हणाल्या, "बिनविरोध. हे बाक त्यांनीच करवून घेतलं. आमचेच आहेत ते."

भाऊंनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. कोटाची कॉलर सारखी केली, टाचा जुळवल्या, आणि रस्त्याच्या पार टोकापर्यंत बस कुठं दिसतही नव्हती, तरी हात वर केला.